कोल्ड लॅम्पमधली मुलगी

बुधवारी सकाळी सव्वाअकराला, चहा अर्धा संपलेला असताना, विन प्रोबर्टने यंत्राची खुंटी डावीकडे फिरवली आणि ती मुलगी माझा भाऊ झाली. मी टेबलाच्या अलीकडे नोंदवही उघडून बसले होते. हातात पेन्सिल होती; संग्रहालयाच्या तळघरात पेन चालत नाही, शाई वस्तूंवर सांडते म्हणून. मी वहीत वेळ लिहिली. अकरा सोळा. भाऊ बोलत होता आणि मी वेळ लिहीत होते, कारण बावीस वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. वस्तू समोर आली की आधी वेळ, मग क्रमांक, मग वस्तूची स्थिती. भाऊ बोलायचा थांबला तेव्हा वहीत तेवढे चार आकडे होते आणि त्यांच्यापुढे पेन्सिलीचं टोक मोडून कागदाला भोक पडलं होतं. विन म्हणाला, "हा कोण माणूस?" मी म्हणाले, "चहा गार झाला." मला खरंच तेवढंच सुचलं.

ती मुलगी ब्रिस्टलमध्ये सगळ्यांच्या ओळखीची आहे. टोव्हीच्या 'कोल्ड लॅम्प' या तबकडीत, साडेतीन मिनिटांनंतर, ढोल एकदम थांबतात. ड्रम अँड बेस हे वेगवान नाचाचं संगीत ज्यांनी कधी ऐकलं नाही त्यांना ते कसं सांगायचं मला कळत नाही. माझ्या आईच्या मते कपडे धुण्याचं यंत्र जिन्यावरून गडगडत खाली येतं ते ड्रम, आणि शेजारी वैतागून भिंतीवर बुक्क्या मारतो तो बेस. तर ते यंत्र मध्येच थांबतं. आणि त्या शांततेत एक मुलगी दोनदा श्वास घेते. मग एक बारीकसं "अं". मग ढोल पुन्हा कोसळतात आणि हजार माणसं एकदम ओरडतात. एवढंच. त्या दोन श्वासांसाठी तीस वर्षं लोकांनी जीव टाकला. ती कोण, यावर भांडणं झाली. कोणी म्हणे एखाद्या जुन्या परदेशी सिनेमातली पोर, कोणी म्हणे टोव्हीची पहिली मैत्रीण, आणि काय चाललेलं असताना तेही सांगत. कार्डिफच्या एका बाईने तर ती मीच म्हणून वर्तमानपत्रात फोटो छापून आणला होता. बेडमिन्स्टरच्या एका दंतवैद्याने त्या श्वासांची रेघ दंडावर गोंदवून घेतली आहे, दात काढताना बाही वर करून दाखवतो. मी कशाला हसू? मी स्वतः माझ्या लग्नात त्या श्वासांना दोन्ही हात वर करून, डोळे मिटून नाचले आहे. लग्न चार वर्षं टिकलं. गाणं टिकून राहिलं.

टोव्ही, म्हणजे गॅरेथ टोव्ही, गेल्या ऑक्टोबरात गेला, पोटाच्या कॅन्सरने, सहा आठवड्यांत. सेंट वर्बर्ग्समधल्या त्याच्या घरातली वरची खोली आमच्या संग्रहालयाने जशीच्या तशी उचलून आणली. आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणारं यंत्र, ज्याला सगळे सॅम्प्लर म्हणतात, ते दोन, एक दुहेरी कॅसेट डेक, साडेतीनशे तबकड्या, आणि बिस्किटांच्या चार पत्र्याच्या डब्यांत दोनशे अकरा फ्लॉपी. एका डब्यात अजून बिस्किटंही होती, त्यांचीही मला नोंद करावी लागली. त्याआधी मी तंबाखूचे डबे आणि जहाजांचे खिळे नोंदवत असे. माझी वरिष्ठ हेस्टर लस्कम माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान आहे आणि 'वारसा' हा शब्द तिच्या तोंडून दर वाक्याला बाहेर पडतो. टोव्हीने तो ऐकला असता तर नाक मुरडलं असतं. ती म्हणाली, "मार्वा, तू त्याला ओळखायचीस, मग हे तूच करायला हवंस." मला बरं वाटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा माझी एखादी ओळख या इमारतीत कामाला आली होती. ओळखायचे म्हणजे काय, तो माझ्या भावाचा शाळेपासूनचा मित्र. ऑब्री तबकड्या वाजवायचा आणि टोव्ही तबकड्या बनवायचा, दोघांना मिळून एकच चांगला कोट होता.

हेस्टरच्या फॉर्ममध्ये प्रत्येक तुकड्यासाठी एक रकाना आहे: आवाजाचा उगम. पहिल्या दिवशी तो वाचून विन पोट धरून हसला. त्या काळात या मंडळींत उगम विचारायचा नसे. कुठल्या जुन्या तबकडीतून ढोल उचलला, कुठल्या नाटकातून आवाज, हे सख्ख्या भावाला सांगत नसत. कळलं की दुसरा उद्या तेच उचलणार. ऑब्री तर तबकड्यांवरची लेबलं आईच्या सिंकमध्ये भिजत घालायचा, सगळी अक्षरं सुटून जाईपर्यंत, म्हणजे वाजवताना कोणी मागून डोकावलं तरी नाव दिसायला नको. आईला भांडी घासायला गेलं की पाण्यात दहा काळ्या तबकड्या दिसायच्या आणि ती येशूचं नाव घेऊन त्याच्या पाठीत ओला फडका घालायची. मी एकदा, बहुतेक माझ्या लग्नाच्याच वर्षी, टोव्हीला विचारलं होतं की ती मुलगी कोण आहे रे. तो म्हणाला, "विचारू नये, मार्वा. रीत आहे." मी कान पकडले. मलाच लाज वाटली, एवढी या लोकांत वाढून मी असं कसं विचारलं.

विन अडुसष्ट वर्षांचा आहे, वेल्सचा. आयुष्यभर त्याने प्लेटा कापल्या, म्हणजे गाणं छापायच्या आधी एकाच माणसाला वाजवण्यासाठी एकच मऊ तबकडी कापून द्यायची, जी पन्नासेक वेळा वाजली की झिजून जाते. जुनी यंत्रं जिवंत ठेवणारा आता इकडे तोच उरला आहे, म्हणून आठवड्यातून दोन दिवस येतो. आमचं काम ठरलेलं. मी डब्यातून फ्लॉपी काढते, क्रमांक घालते, लेबलावरची अक्षरं उतरवते. विन ती सॅम्प्लरमध्ये घालून दोनदा वाजवतो, एकदा आहे तशी आणि एकदा अर्ध्या वेगाने. अर्ध्या वेगाने का, तेही त्यानेच सांगितलं. त्या यंत्रांत जागा इतकी थोडी असे की जेमतेम काही सेकंद मावत. मग ही पोरं आवाज दुप्पट वेगाने आत भरत, तो पोरीसारखा बारीक होई पण निम्म्या जागेत बसे, आणि आत गेल्यावर यंत्रालाच तो सावकाश वाजवायला लावत. टोव्हीचा दुहेरी डेक कॅसेट दुप्पट वेगाने उतरवणारा होता, त्यावर त्याचं हे काम चाले. बुधवारची सहावी फ्लॉपी, क्रमांक एकशे अठ्ठावन्न. लेबलावर टोव्हीच्या उभ्या अक्षरात "ए. पूर्ण" एवढंच. विनने आहे तशी वाजवली आणि ती मुलगी आली. तेच दोन श्वास. पण त्यांच्या आधी एक किलबिल होती, बारीक आवाजात घाईघाईने कोणी काही सांगत असावं तशी. विन खुर्चीत ताठ झाला. म्हणाला, तुमची मुलगी सापडली बघ. आणि मी हसले. हेस्टरला किती आनंद होईल, असा विचार माझ्या मनात आला, हे मी कबूल करते. मग त्याने खुंटी फिरवली.

"टोव्ही," माझा भाऊ म्हणाला. "टोव्ही, मी आहे. उचल ना." मग दम, छातीत शिट्टी वाजवणारा. "पंप संपला रे माझा. फीडर रोडला आहे, कालव्याजवळच्या फोनबॉक्समध्ये. गाडी घेऊन ये, प्लीज." पुन्हा दम. "आईला सांगू नकोस हं. तिला वाटेल मी..." आणि वाक्य तिथेच सुटलं. तिथे ते दोन श्वास होते. ते "अं". मुलीचं ते बारीक, गोड "अं" आता एका पुरुषाचं होतं, जो बोलायला तोंड उघडतो आणि हवा सापडत नाही म्हणून मिटतो. त्यानंतर आणखी काही श्वास, अंतरा-अंतराने. मग खट्. निरोप टिपणाऱ्या यंत्राचा तो खट् असा आवाज मी ओळखला; टोव्हीच्या फोनला जोडलेलं ते करड्या रंगाचं आन्सरिंग मशीन मला चांगलं आठवत होतं, त्यात साधी कॅसेट बसायची.

ऑब्री तेवीस वर्षांचा होता. फेब्रुवारी चौऱ्याण्णव, मंगळवार. दुपारी दोनच्या सुमारास फीडर रोडवरच्या फोनबॉक्सबाहेर, काचेला पाठ टेकून बसलेला सापडला, रिकामा पंप मुठीत. लहानपणापासूनचा दमा. त्या हिवाळ्यात दोनदा रुग्णवाहिका दारात आली होती आणि दोन्ही वेळा आई अनवाणी तिच्यामागे रस्त्यावर धावली होती. त्या मंगळवारी सकाळी आईला त्याच्या कोटाला, रात्री तो तबकड्या वाजवायला जायचा तिथल्या सिगारेटच्या धुराचा वास आला. मी स्वयंपाकघरात पावाला लोणी लावत होते. आई म्हणाली, "त्या धुरातच मरायचं असेल तर या घरात परत येऊ नकोस." त्याने माझ्या ताटलीतला पाव उचलला आणि तो गेला. हे वाक्य आईने पुन्हा कधीही उच्चारलं नाही आणि मीही काढलं नाही. फक्त एकदा, बऱ्याच वर्षांनी, इस्त्री करताना ती मान वर न करता म्हणाली, "फोनपाशी जाऊन बसला होता. मी घरीच होते, मार्वा. दिवसभर घरीच होते." म्हणजे ती तीस वर्षं हे घेऊन जगत होती, की तो फोनपर्यंत गेला आणि तिच्या त्या वाक्यामुळे त्याने फोन केला नाही. कोणालाच केला नाही. पोलिसांनाही तसंच वाटलं होतं, मलाही.

आता मी तळघरात बसले होते आणि मला कळत होतं की त्याने केला होता. आनंद व्हायला हवा होता की काय, कोण जाणे. डोक्यात एकच क्षुद्र प्रश्न गरगरत होता, टोव्हीने ऐकलं होतं का? तेव्हा, म्हणजे ऑब्री बोलत असताना. टोव्ही काम करताना फोनची घंटा बंद ठेवायचा. एकदा रात्रभर खपून केलेल्या कामात मधोमध घंटा शिरली होती, तेव्हापासून. सगळ्यांना ठाऊक होतं: दिवसा टोव्हीला फोन केला की मशीनशी बोलायचं, तो संध्याकाळी ऐकून उलटा फोन करतो. ऑब्रीलाही ठाऊक होतं. तरी त्याने त्यालाच केला, कारण कधीकधी टोव्हीच्या कानावर हेडफोन नसत, आणि मग मशीन निरोप टिपत असताना बोलणाऱ्याचा आवाज खोलीभर ऐकू येई, आणि टोव्ही धावत येऊन फोन उचले. मीही असं कितीदा केलंय, उचल रे, उचल रे म्हणत बसायचं. तर हेडफोन होते की नव्हते? सेंट वर्बर्ग्सहून फीडर रोड गाडीने सात मिनिटं. मी स्वतःला बजावलं की होते. असणारच. मग दुसरं मन म्हणालं, बरं, होते. संध्याकाळी त्याने कॅसेट उलटी फिरवली आणि ऐकलं, तोवर आमच्या घरात सगळे जमले होते, तोही आला, माझ्या शेजारी जिन्यावर बसला, माझा हात धरला. कॅसेट तेव्हा त्याच्या घरी होती की खिशात? आणि मग कधीतरी, चार महिन्यांच्या आत, कारण जूनमध्ये तबकडी बाजारात आली, त्याने ती कॅसेट डेकमध्ये घातली, दुप्पट वेगाचं बटण दाबलं, सगळ्या निरोपातून नेमके दोन श्वास कापून काढले, ढोलांच्या मध्ये बसवले, पुन्हा पुन्हा ऐकले, थोडे पुढे, थोडे मागे. हे काम कसं करतात ते मला माहीत आहे. एकेक तुकडा दोन-दोनशे वेळा ऐकावा लागतो.

आणि मला ओळखू आला नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं. शेजारच्या खोलीत झोपून बावीस वर्षं मी तो दम भिंतीतून ऐकला होता, आणि त्याच्या पाठीवर हात फिरवत आकडे मोजणारी आईही. नंतर तीस वर्षं रेडिओवर, टॅक्सीत, दुकानांत, माझ्या लग्नात ऐकला, आणि मी म्हणत राहिले, काय गोड पोर आहे ही.

विनला मी सांगितलं. सांगितलं म्हणजे भाऊ आहे एवढं म्हणाले, बाकी त्याने जुळवलं. ऑब्रीची एक प्लेट त्यानेच कापली होती. तो उठला, त्याने तळघराचं दार लावलं आणि पुन्हा येऊन बसला. म्हणाला, "या फ्लॉप्या आपोआप मरतात. कालच्या डब्यातल्या नऊ मेल्या. आणखी एक मेली तर कोण विचारणार आहे?" त्याने ती यंत्रातून काढून माझ्यापुढे ठेवली होती. बाराला हेस्टर खाली डोकावली, मुलीचा काही पत्ता लागला का म्हणून, आणि विन तिच्याकडे न बघता म्हणाला, अजून नाही. वेल्समधल्या चर्चात वाढलेला माणूस, एवढं सरळ खोटं बोलताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. ती गेल्यावर मी त्याला म्हणाले की अर्ध्या वेगाने पुन्हा एकदा लाव, आणि माझा मोबाइल यंत्राशेजारी ठेवला. टिपून घेतलं. का, ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

त्यानंतरचे तीन दिवस मी कामं केली. दूध आणलं, गॅसवाल्याला मीटर दाखवलं. गुरुवारी कारण नसताना फीडर रोडने घरी गेले. तो बॉक्स कधीच काढून टाकलाय, तिथे आता टायरचं दुकान आहे आणि दोन माणसं उगाच मोठ्याने हसत होती. मनात टोव्हीशी भांडले. तो समोर आला की मात्र तो रविवारचाच टोव्ही यायचा. ऑब्रीची शवपेटी त्याने डाव्या खांद्यावर घेतली होती, आणि पुढच्या रविवारी तो आईच्या दारात उभा राहिला, हातात फुलकोबी घेऊन, कारण काय आणायचं असतं ते त्याला माहीत नव्हतं. त्यानंतर तीस वर्षं दर रविवारी. पन्हळी साफ केल्या, बाथरूमला फरशा बसवल्या, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला चर्चात उचलून नेलं. आधी मिसेस बेकफर्ड म्हणायचा, मग मा म्हणायला लागला. आई पाहुण्यांना ओळख करून द्यायची, "हा माझा थोरला. दुधात जरा जास्त वेळ राहिला." आम्ही सगळे काळे, आणि तो गोरा माणूस कानापर्यंत लाल व्हायचा. रेडिओवर कोल्ड लॅम्प लागलं की तो कचरा टाकायला उठायचा. आम्ही त्याला विनय समजायचो. कोल्ड लॅम्प त्याने स्वतः कुठे वाजवलं नाही, त्याच्याबद्दल कधी मुलाखत दिली नाही, हेस्टरने तर प्रदर्शनाच्या मजकुरात लिहिलंय की हा कलावंत आपल्याच यशापासून दूर राहिला. आईला सांगू नकोस, असं ऑब्री म्हणाला होता. टोव्हीने ते तीस वर्षं पाळलं, असं म्हणायचं का? की त्याला एक चांगलं निमित्त मिळालं? शनिवारी दिवसभर मी या दोन प्रश्नांत येरझाऱ्या घातल्या आणि दोन्हींची उत्तरं मला दर तासाला उलट मिळत गेली.

फॉर्मचं सोपं होतं. उगम अज्ञात, हे दोन शब्द लिहायचे आणि सही करायची. पण आई चौऱ्याऐंशीची आहे. ऑक्टोबरपासून ती टोव्हीसाठी रडते, ऑब्रीसाठी रडायची त्याहून मोकळेपणाने, कारण टोव्हीच्या बाबतीत तिचं काही चुकलेलं नाही. तिला एक मुलगा परत द्यायचा तर दुसरा हिसकावून घ्यावा लागणार होता, आणि हे ठरवणारी मी कोण? नोंदी करणारी बाई.

रविवारी चर्च सुटल्यावर गेले. घरात नारळाच्या दुधातल्या राजम्याच्या भाताचा वास होता. आईने टोपी काढून टोव्हीच्या खुर्चीवर ठेवली होती, म्हणजे तिथे कोणी बसायला नको. माझ्याकडे बघून म्हणाली, "तोंड का पाडलंयस? प्रवचन तर मी ऐकून आले." मग भांड्यात डोकावून म्हणाली की आजही तिघांचं झालं, हाताला सवय लागलीय. मी जेवणानंतर सांगायचं ठरवलं होतं. तिने कोंबडीचा चांगला तुकडा माझ्या ताटात ठेवला, जो नेहमी टोव्हीच्या ताटात जायचा, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"आई, ऑब्रीने फोन केला होता. त्या दिवशी. टोव्हीला."

तिने चमचा भांड्यात उभा ठेवला. टोव्हीबद्दल काहीतरी विचारेल म्हणून मी उत्तरं जुळवत होते.

"बोललाय?" तिने विचारलं.

"हो."

"आवाज आहे त्याचा?"

"आहे. माझ्याकडे आहे."

ती उठली, खणातून कानाचं यंत्र काढलं, जे ती चर्चाखेरीज कधी लावत नाही, आणि आरशासमोर उभी राहून नीट बसवलं. मग येऊन बसली, हात मांडीवर. मी मोबाइल टेबलावर ठेवला, मिठाच्या बरणीला टेकवून. ऑब्री बोलला. आईने डोळे मिटले नाहीत, मोबाइलकडे बघत राहिली. खट् झालं तेव्हाही बघत होती. शेजारच्या घरात कोणी नळ सोडला, बंद केला. तिने विचारलं, टोव्हीला तेव्हा ऐकू गेलं होतं का. मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही. नंतर ऐकलं होतं, आणि त्यातले दोन श्वास त्या गाण्यात घातले, तेही सांगितलं, आणि माझ्या फॉर्मवरच्या रकान्याचंही. कुठल्या गाण्यात ते तिला पुन्हा सांगावं लागलं नाही.

"त्या गाण्याचं मला काही नाही," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, त्याचीच मला भीती वाटली. "कोणी रडतं, कोणी ढोल बडवतं. पण मी त्याला विचारायचे, मार्वा. इथे बसून. तू भांडी घासायला गेलीस की. म्हणायचे, गॅरेथ, तुला माझ्या पोराचा आवाज आठवतो का रे? माझ्या डोक्यातून गेला. फोटो आहेत, आवाज कुठे ठेवलाच नाही आपण. तो म्हणायचा, आठवतो, मा. आणि ताटात बघायचा. मी त्याला अजून भात वाढायचे." तिने भांड्यातला चमचा काढून ताटलीत ठेवला. "आवाज घरी होता की याच्या. डब्यात. तीस वर्षं."

मला हे माहीत नव्हतं. बुधवारपासून मी जे जे वाईट कल्पून झाले होते त्यात हे कुठेच नव्हतं. मी काहीतरी बोलायला गेले, त्याला सांगवलं नसेल, ऑब्रीनेच सांगितलं होतं ना, असलं काही, आणि आईने हात वर करून मला गप्प केलं. तिने खुर्चीवरची टोपी उचलली, कुठे ठेवावी ते तिला सुचेना, पुन्हा तिथेच ठेवली. मग म्हणाली, "त्या तुझ्या कागदावर नाव लिही. सगळं. ऑब्री नथॅनियल बेकफर्ड. मुलगी म्हणे."

मी लिहीन म्हणाले. भात गार होत होता. आईने मोबाइल स्वतःकडे ओढला, पण कुठे दाबायचं ते तिला माहीत नव्हतं, म्हणून तिने तो माझ्यापुढे सरकवला. मी पुन्हा लावलं. टोव्ही, मी आहे, उचल ना. या वेळी ती पुढे झुकली. प्लीज म्हणाला तेव्हा तिने मान डोलावली, पोर पाहुण्यांसमोर नीट वागलं की डोलावावी तशी. आईला सांगू नकोस हं. तिला वाटेल मी. मग ते दोन श्वास आले आणि तिने उजव्या हाताचा तळवा मोबाइलवर पालथा ठेवला, हलकेच, आणि तो गोल गोल फिरवायला लागली. "खांदे खाली," ती म्हणाली. ती माझ्याशी बोलत नव्हती. "आई इथेच आहे. खांदे खाली सोड. नाकाने घे. घाई नाही. एक. दोन." तिचा आवाज तीस वर्षांपूर्वीचा होता, भिंतीपलीकडून यायचा तो. "तीन. आता सोड. हळू. पुन्हा. एक. दोन." त्याचा एक श्वास तिच्या आकड्यावर पडला. मी तो ऐकला, बरोबर तिच्या आकड्यावर. पुढचाही पडला. मग खट् झालं आणि तळव्याखाली मोबाइल काळा झाला, आणि ती मोजत राहिली, चार, पाच, सहा, हात फिरवत, सात, आणि तिथे थांबली.

"परत लाव," आई म्हणाली. "मला सुरू करायला उशीर झाला."